कंट्रोलरला हटवले, धावपट्टीचे काय?

8 जून 2024 रोजी मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर तिरुवनंतपुरमला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणासाठी धावत होते. ते जमीन सोडण्याच्या बेतात असतानाच त्याच्या मागे, त्याच धावपट्टीवर, इंदूरहून आलेल्या इंडिगोच्या विमानाची चाके टेकली. दोन्ही विमाने सुखरूप राहिली. आतल्या बहुतेक प्रवाशांना काय घडून गेले याचा पत्ताही लागला नसेल. चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरल्यावर नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, चौकशी सुरू केली आणि त्या वेळी टॉवरमध्ये बसलेल्या हवाई वाहतूक नियंत्रकाला ड्युटीवरून हटवले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा विषय वर्तमानपत्रांतून नाहीसाही झाला.

त्याआधी ऑगस्ट 2023 मध्ये दिल्लीतही असेच घडले होते. अहमदाबादहून उतरलेल्या ‘विस्तारा’ कंपनीच्या विमानाला शेजारची धावपट्टी ओलांडण्याची परवानगी मिळाली आणि नेमक्या त्याच धावपट्टीवरून बागडोग्र्याला निघालेल्या विस्ताराच्याच दुसऱ्या विमानाला उड्डाणाचीही परवानगी मिळाली. उतरलेल्या विमानाच्या वैमानिकाच्या हे लक्षात आले, तिने तातडीने टॉवरला सावध केले आणि उड्डाण थांबवण्यात आले. तेथेही कारवाई झाली ती नियंत्रकाला ड्युटीवरून दूर करण्याची.

चूक झाली की नाही आणि कोणाची, हे चौकशीने ठरवावे. पण चूक होताच माणूस हटवणे हाच आपल्या व्यवस्थेचा पहिला आणि बहुतेक वेळा एकमेव ठळक प्रतिसाद असेल, तर ज्या परिस्थितीत ती चूक घडली ती जशीच्या तशी पुढच्या पाळीतल्या माणसाच्या स्वाधीन केली जाते. धावपट्टीची सुरक्षितता नियंत्रकाच्या सावधपणावर टांगून ठेवणे धोक्याचे आहे, आणि त्याच्या चुकीसाठी त्याला शिक्षा करून ती सुरक्षितता वाढते हा समज त्याहून धोक्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईची अडचण आधी नीट समजून घ्यायला हवी. या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते. सर्व बाजूंनी वस्तीने वेढलेल्या या जागेत समांतर धावपट्टी बांधायला वाव नाही. अशा एका धावपट्टीवर 11 नोव्हेंबर 2023 रोजी 24 तासांत 1,032 विमानांची ये-जा झाली आणि तो विक्रम म्हणून मिरवला गेला. रात्रीचे शांत तास धरूनही हे प्रमाण सरासरी 84 सेकंदांना एक विमान असे पडते. पुढे तीनच महिन्यांत, फेब्रुवारी 2024 मध्ये, केंद्र सरकारने गर्दीच्या वेळेतील ताशी विमानांची कमाल संख्या 46 वरून 44 वर आणि इतर वेळेतील 44 वरून 42 वर आणायला लावली, खासगी विमानांवरही गर्दीच्या तासांत निर्बंध घातले. हा निर्णय योग्य होता. विमानतळाला एवढे स्लॉट, म्हणजे विमानांना उतरण्या-उडण्यासाठी ठरवून दिलेल्या वेळा, दिले गेले आहेत की वेळेचा थोडाही मोकळा अवकाश उरलेला नाही, हे त्या वेळी सरकारनेच मान्य केले होते. जून 2024 चा प्रसंग ही कपात झाल्यानंतरचा आहे, याकडे मात्र फार कोणी लक्ष दिले नाही.

कपातीआधीचे ताशी 46 म्हणजे एका विमानाच्या वाट्याला 78 सेकंद. या 78 सेकंदांत टॉवरमध्ये काय चालते ते पाहू. उतरायला येणारे विमान घाटकोपरच्या बाजूने ताशी सुमारे 250 किलोमीटर वेगाने येत असते. ते साडेसात किलोमीटरवर असते तेव्हा चाके टेकायला दोन मिनिटेही उरलेली नसतात. तेवढ्यात आधी उतरलेल्या विमानाने वेग कमी करून बाजूच्या टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीबाहेर नेणाऱ्या रस्त्यावर, वळायचे असते. ते वळताच उड्डाणासाठी थांबलेल्या विमानाने धावपट्टीवर येऊन रेषेत उभे राहायचे, परवानगी मिळताच इंजिनांची ताकद वाढवून धाव घ्यायची आणि मागचे विमान उंबरठ्यावर पोहोचण्याआधी जमीन सोडायची. उतरलेल्या वैमानिकाचे पहिले वळण चुकले आणि तो पुढच्या वळणापर्यंत गेला की दहा-पंधरा सेकंद गेले. दोन वैमानिक एकाच वेळी रेडिओवर बोलले की दोघांचेही बोलणे कळत नाही, पुन्हा विचारावे लागते, आणखी पाच सेकंद जातात. पावसात ब्रेक लावायला जास्त अंतर लागते. हा सगळा हिशोब नियंत्रक मनात मांडत असतो, आणि शिवाय त्याच्या कानावर पुढच्या तीन-चार विमानांचे आवाज पडतच असतात. हिशोब जुळत नाही असे दिसताच त्याने मागच्या विमानाला ‘गो अराउंड’ सांगायचे, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला सांगायचे. तो पूर्णपणे सुरक्षित उपाय आहे. पण वर गेलेले विमान पुन्हा रांगेत बसवायचे तर मागची सगळी रांग विस्कटते, इंधन जळते, विमान कंपनीचे वेळापत्रक कोलमडते. जिथे रांगेत एकही रिकामी जागा ठेवलेली नाही तिथे ‘अजून जमेल’ असे वाटण्याचा मोह त्या रांगेनेच निर्माण केलेला असतो. वेळापत्रक आखणाऱ्याला याचा जाब कोणी विचारत नाही.

माणूस चुकतो हे गृहीत धरून व्यवस्था उभारायची असते, हे हवाई वाहतुकीने फार मोठी किंमत देऊन शिकलेले सत्य आहे. 1 फेब्रुवारी 1991 च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसच्या विमानतळावर एका नियंत्रक महिलेने स्कायवेस्टच्या छोट्या विमानाला धावपट्टीवर येऊन थांबायला सांगितले. त्याच सुमारास दुसऱ्या एका छोट्या विमानाने न सांगता रेडिओची फ्रीक्वेन्सी बदलली होती, तिसऱ्या एका विमानाची नोंदपट्टी (उड्डाणाची माहिती असलेली कागदी पट्टी) तिच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, आणि या शोधाशोधीत धावपट्टीवर थांबलेले विमान तिच्या मनातून निसटले. तिने यूएसएअरच्या बोइंगला त्याच धावपट्टीवर उतरण्याची परवानगी दिली. 35 माणसे गेली. अपघाताच्या चौकशीत आपली चूक तिने लपवली नाही. तपास करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला सगळा दोष तिच्या पदरात टाकून मोकळे होता आले असते. मंडळाने अपघाताचे मूळ कारण म्हणून बोट दाखवले ते टॉवरच्या व्यवस्थापनाकडे, कारण एका व्यक्तीची चूक दुसऱ्या कोणाच्या नजरेत येईल अशी कार्यपद्धतीच तेथे राबवली गेली नव्हती. आणि त्यापाठोपाठ देखरेखीत कमी पडलेल्या संघीय विमान प्रशासनाकडे. जमिनीवरचे रडार त्या वेळी बंद होते. टॉवरमधून धावपट्टीचा तो भाग दिव्यांच्या झगमगाटात नीट दिसत नव्हता. हा निष्कर्ष निघाला म्हणूनच रात्रीच्या वेळी विमानाला धावपट्टीच्या मध्यावर थांबवून ठेवण्याचे नियम बदलले. ती नियंत्रक तेवढी हटवली असती, तर तीच कार्यपद्धती तिच्या जागी आलेल्या माणसालाही वापरावी लागली असती.

2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जे घडले त्यातून याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. नोटो द्वीपकल्पातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या जपानी तटरक्षक दलाच्या विमानाला टॉवरने धावपट्टीबाहेरच्या थांब्यापर्यंत यायला सांगितले आणि उड्डाणाच्या क्रमात त्याचा नंबर पहिला आहे, असेही सांगितले. ‘नंबर वन’ हे शब्द ऐकून चालक दलाने परवानगी मिळाल्याचाच अर्थ घेतला आणि विमान धावपट्टीवर नेले. तेथे ते सुमारे 40 सेकंद उभे होते. जपान एअरलाइन्सचे एअरबस त्यावर येऊन आदळले. एअरबसमधील सर्व 379 जण जळत्या विमानातून बाहेर पडले, तटरक्षक विमानातील सहापैकी पाच जण मात्र दगावले. टॉवरमधील पडद्यावर इशारा देणारी यंत्रणा होती आणि तिने आपले कामही केले होते. पडद्यावरचा रंग बदलला होता. पण त्या 40 सेकंदांत तिकडे कोणाची नजर गेली नाही. अपघातानंतर जपानने तो पडदा सतत पाहण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला.

आपल्याकडे यंत्रे बसवल्याच्या घोषणा होतात तेव्हा मला हानेदाचा तो पडदा आठवतो. मोठ्या विमानतळांवर जमिनीवरच्या हालचाली दाखवणारे रडार बसवणे आवश्यकच आहे; मिलानच्या लिनाते विमानतळावर ऑक्टोबर 2001 मध्ये दाट धुक्यात 118 जणांचा बळी गेला तेव्हा तेथे असे चालू रडार नव्हते. परंतु जो इशारा आधीच कामात बुडालेल्या नियंत्रकाच्याच डोळ्यांवर विसंबून राहतो, तो म्हणजे दुसरा पहारा नव्हे. एकेरी लोहमार्गावर पूर्वीपासून जी टोकन पद्धत चालत आली तिच्यात खरा दुसरा पहारा आहे: एक टोकन बाहेर असेल तर यंत्रातून दुसरे निघतच नाही, मग स्टेशन मास्तर कितीही थकलेला असो. धावपट्टीसाठी त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे जमिनीत बसवलेले लाल दिवे. धावपट्टी व्यापलेली असली की ते रडारच्या माहितीवरून आपोआप लागतात आणि थेट वैमानिकाला दिसतात; नियंत्रकाने काय सांगितले याच्याशी त्यांचा संबंध नसतो. अमेरिकेत 20 विमानतळांवर असे दिवे आहेत. एका धावपट्टीवर दिवसाला हजाराच्या आसपास विमाने हाताळणाऱ्या मुंबईला त्यांची गरज त्या विसांपैकी कोणापेक्षाही कमी नाही. खर्च मोठा आहे, हे खरे. पण टर्मिनलच्या छतावर, दुकानांच्या सजावटीवर होणारा खर्च पाहिला तर पैशाची अडचण सांगण्याचा अधिकार कोणाला उरत नाही.

धावपट्टीवरचा धोका विमानांपुरताच नसतो, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. 15 फेब्रुवारी 2020 रोजी लोहगावच्या धावपट्टीवर एअर इंडियाचे विमान उड्डाणासाठी धावत असताना पुढे जीप आणि माणूस दिसल्याने वैमानिकाने ठरलेल्या वेगाआधीच विमान उचलले; शेपटीखालचा भाग जमिनीला घासला आणि विमान तसेच दिल्लीला पोहोचले. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे आणि तेथील वाहतूक नियंत्रणही हवाई दलाकडे आहे, म्हणजे नागरी नियामकाचा हात तेथे आधीच आखूड पडतो.

आता आक्षेप असा येईल की, मग चुकीला कोणीच जबाबदार नाही का? शेकडो जीव हातात असलेल्या माणसाला हलगर्जीपणाबद्दल शिक्षा नको का? हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यामागे अपघातात आपली माणसे गमावलेल्यांचा संताप असू शकतो. नशेत ड्युटीवर येणारा, नियम जाणूनबुजून धाब्यावर बसवणारा, नोंदी बदलणारा नियंत्रक शिक्षेस पात्रच आहे. युरोपीय संघाच्या 2014 च्या नियमांनीही चूक कळवणाऱ्याला संरक्षण देताना जाणूनबुजून केलेले गैरवर्तन आणि घोर बेफिकिरी त्यातून वगळली आहे. पण प्रशिक्षित, प्रामाणिक माणसाकडून कामाच्या ओघात होणारी चूक आणि हा गुन्हा यांत भेद केला नाही, तर पुढची चूक आपल्याला कळणारच नाही. जपानमध्येच जानेवारी 2001 मध्ये दोन विमाने आकाशात अगदी थोडक्यात बचावली. प्रशिक्षणार्थी नियंत्रकाने एका विमानाऐवजी दुसऱ्याचा क्रमांक उच्चारला होता. त्याला आणि त्याच्या पर्यवेक्षिकेला फौजदारी न्यायालयात उभे करण्यात आले आणि 2010 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरवले. अशा निकालानंतर एखादा नियंत्रक ‘काल माझ्याकडून असे होता होता राहिले’ हे आपणहून कोणाला सांगायला धजेल?

आणि सुरक्षिततेचे सगळे कच्चे धान्य तर अशा ‘होता होता राहिले’मध्येच असते. 1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनजवळ उतरायला निघालेले टीडब्ल्यूएचे विमान डोंगरावर आदळून 92 जण गेले. नकाशातील एका सूचनेचा चुकीचा अर्थ वैमानिकांनी घेतला होता. तपासात निघाले ते असे की, सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचले होते, पण ती माहिती त्या कंपनीच्या आतच राहिली होती. यातून 1976 मध्ये अमेरिकेत गोपनीय अहवाल पद्धत उभी राहिली आणि ती चालवण्याचे काम मुद्दाम नासा या संस्थेकडे दिले गेले. नासा कोणाचा परवाना देत नाही आणि काढूनही घेत नाही, म्हणून वैमानिक आणि नियंत्रक तिच्याशी मोकळेपणाने बोलू शकतात. आपल्याकडेही स्वेच्छेने चूक कळवण्याची सोय कागदोपत्री आहे. पण ती ज्या डीजीसीएच्या छत्राखाली आहे, तीच डीजीसीए नियंत्रकाला परवाना देते आणि प्रसंग बाहेर येताच त्याला ड्युटीवरून दूरही करते. या दोन भूमिका एकाच दारात ठेवून विश्वासाची अपेक्षा करता येणार नाही. गोपनीय अहवाल स्वीकारणारी संस्था डीजीसीए, विमानतळ प्राधिकरण आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालय या तिघांच्याही बाहेर असली पाहिजे. एखाद्या विद्यापीठाकडे किंवा वैज्ञानिक संशोधन संस्थेकडे ते काम देणे अवघड नाही.

थकव्याचा मुद्दा यापेक्षाही तातडीचा आहे. नियंत्रकाची पाळी किती लांब असावी, पडद्यासमोर सलग किती वेळ बसावे आणि दोन पाळ्यांमध्ये किती विश्रांती मिळावी, याचे नियम डीजीसीएने केलेले आहेत. ते नियम पूर्णपणे पाळायचे तर माणसे पुरत नाहीत, म्हणून त्यांतून सवलत घेतली जाते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेत सादर झालेल्या वाहतूकविषयक स्थायी समितीच्या अहवालाने नियंत्रकांची कमतरता, त्यांच्यावरचा ताण आणि ही सवलत या तिन्हींवर चिंता व्यक्त केली. याच अहवालानुसार खुद्द डीजीसीएमध्ये मंजूर 1,063 पदांपैकी 553 च भरलेली होती. म्हणजे ज्याने थकव्यावर लक्ष ठेवायचे त्या नियामकाचेच जवळपास निम्मे टेबल रिकामे. वैमानिकाच्या थकव्याबद्दल निदान आता बोलले तरी जाते. टॉवरमधल्या माणसाचा चेहरा प्रवाशाला दिसत नाही, म्हणून त्याच्या झोपेचा प्रश्न कोणाच्याच जिव्हाळ्याचा होत नाही. नवीन नियंत्रक तयार करायला वेळ लागतो. प्रयागराज, गोंदिया, हैदराबाद येथील केंद्रांत मूलभूत प्रशिक्षण घेतल्यावरही एखाद्या विशिष्ट टॉवरवर स्वतंत्रपणे बसण्याआधी त्या जागेचे वेगळे प्रशिक्षण आणि मानांकन आवश्यक असते. त्यामुळे आज केलेल्या भरतीचा उपयोग गर्दीच्या टॉवरला लगेच होत नाही. तोपर्यंत उपाय एकच: जेवढी विश्रांती घेतलेली माणसे आहेत तेवढीच विमाने. वेळापत्रकासाठी विश्रांतीच्या नियमात सवलत देण्याऐवजी विश्रांतीच्या नियमासाठी वेळापत्रकाने माघार घेतली पाहिजे.

यंत्रणांच्या बाबतीतही हेच. 7 नोव्हेंबर 2025 रोजी दिल्लीत उड्डाणांच्या योजनांचे संदेश पोहोचवणारी संगणक प्रणाली बिघडली, नियंत्रकांना ते काम हाताने करावे लागले आणि 800 हून अधिक विमाने रखडली. दिल्ली आणि मुंबईतील स्वयंचलित यंत्रणा मंदावत असल्याचे नियंत्रकांच्या संघटनेने काही महिने आधीच लेखी कळवले होते. बिघडलेली प्रणाली आणि तक्रारीतली यंत्रणा एकच नव्हत्या, हे मान्य. तरीही जे लोक रोज त्या पडद्यांसमोर बसतात, त्यांच्या पत्राला वेळेत उत्तर देण्याची सवय आपल्या प्रशासनाला नाही, एवढे त्यातून नक्की दिसले.

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. कित्येक वर्षांनी मुंबईच्या धावपट्टीला श्वास घेण्याची संधी मिळाली आहे, आणि खरी कसोटी इथेच लागणार आहे. सांताक्रूझहून जी उड्डाणे नव्या विमानतळावर जातील त्यांच्या जागी लगेच नवे स्लॉट विकले गेले, तर मुंबईकराला एक विमानतळ जास्त मिळेल पण सुरक्षिततेचा एक सेकंदही वाढून मिळणार नाही. उलट, दोन विमानतळांची विमाने एकमेकांच्या जवळच्या आकाशातून येऊ-जाऊ लागल्याने नियंत्रकांचे काम अधिक गुंतागुंतीचे होईल. म्हणून 2024 मध्ये ठरवलेली ताशी मर्यादा आणखी खाली आणून, ती पावसाळ्यात वेगळी आणि कमी ठेवून, तिला नियमाचे बंधन द्यावे, आणि ती वाढवण्याचा प्रस्ताव आल्यास टॉवरमधील उपलब्ध मनुष्यबळ, विश्रांतीचे वेळापत्रक आणि गेल्या वर्षभरात द्यावे लागलेले ‘गो अराउंड’ यांची आकडेवारी प्रसिद्ध केल्याशिवाय त्यावर निर्णय घेऊ नये. विक्रमाची बातमी देताना विमानतळ चालक ज्या तत्परतेने आकडे जाहीर करतात, त्याच तत्परतेने हे आकडेही जाहीर व्हावेत, अशी मागणी मुंबई, ठाणे आणि रायगडच्या खासदारांनी लोकसभेत करायला हवी.